कायद्यापुढें मनुष्य कोण?

अमेरिकेंतील पोंका नामक लहान आदिवासी जमातीचे सरदार स्टँडिंग बेअर यांचें चरित्र आम्ही आज आपणांपुढें ठेवीत आहों.

पोंका लोक नेब्रास्कांत नायोब्रारा नदीच्या कांठीं शेती व शिकार करून राहत. १८६८ सालीं सरकारनें सू नामक मोठ्या जमातीशीं करार करितांना पोंकांची जमीन चुकून तिच्या नांवें लिहून दिली. ती चूक सुधारण्याऐवजीं १८७७ सालीं पोंकांनाच पहाऱ्यांत दक्षिणेकडील परक्या मुलखांत नेलें. तेथें रोगराईनें पुष्कळ माणसें दगावलीं. सरदारांचा पुत्रहि १८७८ च्या अखेरीस वारला. आपणांस वाडवडिलांच्या भूमींत पुरावें, ही त्याची शेवटची इच्छा होती.

बापानें वचन पाळलें. १८७९ च्या जानेवारींत, कडाक्याच्या थंडींत, पुत्राचे अवशेष व सुमारें तीस माणसें घेऊन ते निघाले. दोन महिन्यांनीं ओमाहा जमातीच्या वस्तींत पोंचल्यावर, परवानगीवांचून नेमलेली जागा सोडली म्हणून फौजेनें त्यांस धरलें.

हुकूम बजावणारे जनरल क्रूक यांनाच हा अन्याय सहन होईना. त्यांनीं टिबल्स नामक वृत्तपत्रकारास हकीकत कळविली. ओमाहा शहरांतील पाळकांनीं कैद्यांची बाजू घेतली, आणि दोन वकिलांनीं फी न घेतां सुटकेचा अर्ज चालविला. हा आदिवासी कायद्याच्या अर्थानें व्यक्तीच नव्हे, सबब त्यास अर्जाचा हक्क नाहीं, असें सरकारी वकिलाचें म्हणणें पडलें. सरदारांनीं दुभाष्याकरवीं कोर्टास सांगितलें कीं, कातडीचा रंग निराळा असला तरी आपणहि देवानेंच घडविलेले मनुष्य आहों.

१२ मे १८७९ रोजीं न्यायाधीश डंडी यांनीं निकाल दिला. कायद्यांत नागरिक हा शब्द नसून व्यक्ति हा आहे, व आदिवासीहि व्यक्तीच आहे. म्हणून कैद्यांस सोडावें. सरदारांनीं पुत्रास नायोब्राराकांठीं मूठमाती दिली. १९०८ सालीं ते त्याच भूमींत वारले. त्यांच्या सर्व आदिवासी बांधवांस नागरिकत्व मिळण्यास मात्र १९२४ साल उजाडावें लागलें.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवच्या पाणवठ्यावर मज्जाव होता. म्हणून ही कथा आपणांस परकी वाटूं नये. कायद्यांत तो शब्द आधींच होता; पण त्यावर हक्क सांगण्यास एका बापास कोर्टांत उभें राहावें लागलें, आणि शेजाऱ्यांस त्याच्या बाजूस उभें राहावें लागलें. आपल्या गांवांत असा कोणी उभा राहिल्यास आपण त्यास एकटें सोडूं नये, इतकेंच आमचें मागणें आहे.