डॉ. होमी भाभा आणि ताऱ्यांचे तुकडे

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव अणुऊर्जेशी कायमचे जोडले गेले आहे. तथापि त्यांच्या प्रतिभेचे पहिले क्षेत्र होते विश्वकिरणांचे.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मलेले भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले ते अभियंता होण्यासाठी. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात त्यांनी काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यांनी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली आणि मग भौतिकशास्त्राची वाट धरली. विश्वकिरणांमुळे वातावरणात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांचा वर्षाव कसा होतो, याची उपपत्ती त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह मांडली. १९३९ मध्ये ते सुटीवर भारतात आले असता महायुद्ध भडकले आणि ते येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन सुरू केले; १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

या किरणांचा संबंध ताऱ्यांच्या मृत्यूशी आहे. कार्बन, ऑक्सिजन ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात घडतात; लिथियम, बेरिलियम, बोरॉन ही हलकी मूलद्रव्ये मात्र तेथील उष्णतेत नष्ट होतात. मग ती येतात कोठून? प्रचंड ताऱ्याचा स्फोट झाला की त्याच्या आघात तरंगांमुळे प्रोटॉनसारख्या कणांना अफाट वेग येतो. हे कण अंतराळातील कार्बन व ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळून त्यांचे तुकडे करतात. विश्वातील जवळजवळ सर्व बेरिलियम आणि काही अंशी लिथियम व बोरॉन हे असे तुकडेच होत.

वातावरणातही असेच घडते. पावसाच्या पाण्यात विश्वकिरणांनी घडविलेले बेरिलियम सापडल्याचे भाभांच्या संस्थेतील संशोधकांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईच्या पावसात ते असते, तसेच चंद्रपूर जिल्ह्यातील सावलीच्या धानाच्या बांधीत पडणाऱ्या पावसातही असते.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. हलक्या मूलद्रव्यांची ही उपपत्ती रीव्हज, फाउलर आणि हॉइल यांनी १९७० मध्ये मांडली. स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या अवशेषांत प्रोटॉन वेगवान होतात, याचा पुरावा फर्मी दुर्बिणीने दिल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. भाभांना ते पाहता आले नाही; मात्र ज्या किरणांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांचे संशोधन त्यांच्या संस्थेत पुढेही चालू राहिले.