शिळा वाचणारा शिक्षक



बंगळूरच्या अव्हेन्यू रोडवर, दुकानांच्या आणि माणसांच्या गर्दीत, राईस मेमोरियल चर्च उभे आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे बेंजामिन होल्ट राईस यांचे ते स्मारक. १८३७ साली ते बंगळुरात आले आणि १८८७ साली त्यांचा मृत्यू झाला. या पन्नास वर्षांत त्यांनी उपदेश केला, शाळा चालवल्या आणि कन्नड पवित्र शास्त्राच्या सुधारणेसाठी दीर्घकाळ परिश्रम केले. परंतु आज आपल्यापुढे ठेवायचे आहे ते त्यांच्या पुत्राचे, बेंजामिन लुईस राईस यांचे जीवन.

लुईस यांचा जन्म १७ जुलै १८३७ रोजी बंगळुरातच झाला. इंग्लंडमध्ये शिक्षण पुरे करून ते १८६० मध्ये परतले, ते मिशनच्या सेवेत नव्हे. सरकारी बंगलोर हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून. म्हैसूरचे कमिशनर सर मार्क कबन यांच्या कारकिर्दीत, १८५८ साली ही शाळा निघाली होती. तिचे पहिले प्रमुख जॉन गॅरेट हे वेस्लियन मिशनरी होते. तरीही ही शाळा मिशनची नव्हती. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी शाळांतील अध्यापनातून धर्मशिक्षण वगळले होते. वाचकहो, क्षणभर त्या पित्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्या वर्गात प्रभूचे नाव शिकवता येत नाही, तेथे आपला पुत्र आयुष्य वेचणार, हे आपल्याला रुचले असते काय? पुत्राने पित्याची वाट सोडली, असेच आपण म्हटले नसते काय?

ती वाट कोठे गेली ते पाहू. १८६५ मध्ये राईस म्हैसूर व कोडगू येथील शाळांचे इन्स्पेक्टर झाले. १८६८ मध्ये शिक्षणसंचालकाच्या जागी काम करताना त्यांनी होबळी शाळांची योजना पुढे आणली. होबळी म्हणजे तालुक्यातील काही गावांचा गट. शहरातील हायस्कूलपर्यंत ज्याचे पाऊल कधी पोहोचणार नाही, अशा शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या स्वभाषेत अक्षरओळख व्हावी, हा तिचा हेतू. इकडे हायस्कूलही वाढले. १८७५ मध्ये ते सेंट्रल कॉलेज झाले आणि सर विश्वेश्वरय्या यांच्यासारखे विद्यार्थी त्याने देशाला दिले.

शाळा तपासण्यासाठी गावोगाव फिरताना राईस यांची दृष्टी देवळांच्या भिंतींकडे, शेतांच्या बांधांवरील शिळांकडे वळली. लोक त्यांना रोज पाहत, परंतु त्यांवरील जुनी अक्षरे वाचणारा विरळाच. राईस यांनी ती वाचण्याचे मनावर घेतले. ‘मैसूर इन्स्क्रिप्शन्स’ हा ग्रंथ १८७९ मध्ये निघाला. १८८४ पासून पुरातत्त्वाचे कामही त्यांच्याकडे आले. १८८६ ते १९०५ या काळात ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे १२ खंड प्रसिद्ध झाले आणि सुमारे नऊ हजार लेख जगापुढे आले. ब्रह्मगिरीच्या परिसरात १८९२ मध्ये त्यांना अशोकाच्या धर्माज्ञा सापडल्या, आणि मौर्यांचा अंमल किती दक्षिणेपर्यंत होता ते उमगले. श्रवणबेळगोळच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ १८८९ चा. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला, मराठीच्या आद्य लेखांत गणला जाणारा लेखही त्यात आहे. आपल्या मायबोलीवरही या कन्नडभक्ताचे ऋण आहे!

हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. स्थानिक पंडितांचे साह्य त्यांना लाभले, आणि १९०६ मध्ये ते निवृत्त झाल्यावर त्यांचेच सहायक आर. नरसिंहाचार यांनी ती धुरा वाहिली. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असेही नाही. गंग राजांच्या ताम्रपटांच्या खरेपणाविषयी मुंबई इलाख्यातील विद्वान फ्लीट यांनी त्यांना कडवा विरोध केला होता. १० जुलै १९२७ रोजी इंग्लंडमध्ये हॅरो येथे राईस निवर्तले.

ते लेख जैनांचे, शैवांचे, वैष्णवांचे होते. मिशनरी घरातील या पुत्राने ते जसे होते तसे जतन केले. शास्त्राच्या भाषांतराचे काम करताना मला पितापुत्रांतील हे साम्य वारंवार जाणवते. दोघांच्याही पुढ्यात दुसऱ्याचे शब्द होते. ते प्रामाणिकपणे वाचावे आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती द्यावे, हेच दोघांचे व्रत. पित्याने ते शास्त्राच्या पानांवर आचरले, पुत्राने शाळेत आणि शिळेवर.

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने गिलगालात बारा धोंडे उभे केले, ते पुढे मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा म्हणून. अर्थ सांगणारा कोणी उरला नाही, तर धोंडा मुकाच राहतो.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक जण जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेत शिकवत असतील. वर्गात प्रभूचे नाव घेता येत नाही म्हणून आपली सेवा उणी आहे, असे मनात आणू नका. प्रामाणिकपणे शिकवलेले प्रत्येक अक्षर देवाच्या दृष्टीआड नाही. आणि आपले मूल मंडळीच्या सेवेत न जाता अशा एखाद्या शाळेची वाट धरू लागले, तर खेद करू नका. त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला आशीर्वाद द्या.