लक्ष्मणराव किर्लोस्कर व लोखंडी नांगर

कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठी, ओतूर, नारायणगाव, मंचर या बाजूस जे राहतात, त्यांस लोखंडी नांगर ही काही नवलाची वस्तू नव्हे. आता तर नांगराला जुंपलेले बैलही तिकडे क्वचितच दृष्टीस पडतात. जे शेत नांगरावयास आमच्या आजोबांचे कित्येक दिवस मोडत, ते ट्रॅक्टर एका सकाळी उलथून टाकतो. परंतु लोखंड जमिनीत घातले असता जमीन विषारी होते, असे आपल्या देशातील शेतकरी एके काळी खरोखर मानीत असत, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. हा समज ज्या गृहस्थाने चिकाटीने मोडला, त्या लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगणार आहो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमेना. चित्रे काढावी व यंत्रे खोलून पाहावी, हाच त्यांचा छंद. वडिलांस हा मार्ग पसंत नव्हता, तथापि वडीलबंधू रामूअण्णा यांनी पैशाचे साहाय्य केले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस चित्रकलेच्या शाळेत दाखल झाले. तेथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद नीट कळत नसे! चित्रकारास याहून मोठी अडचण ती कोणती? त्यांनी रंग सोडले. पण रेघ सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या त्यांनी साध्य केली व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांस डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. तेथे दोघा भावांचे सायकलींचे दुकान १८८८ पासून चालू होतेच.

सायकली विकून पोट भरले असते. परंतु लक्ष्मणरावांचे लक्ष शेतकऱ्याच्या गोठ्याकडे व शेताकडे गेले. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले. अख्खा कडबा टाकला म्हणजे गुरे पाने खातात व धाटे तुडवितात. तोच बारीक कापून घातला तर वाया जात नाही. त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला.

या नांगराचे मर्म काय, ते येथे सांगितले पाहिजे. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलथीत नाही. काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. लाकडी नांगर त्यांच्या वरून निघून जातो. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पाते असते, त्यामुळे कापलेली माती कूस पालटून पडते आणि मुळ्या उन्हात उघड्या पडून मरतात. मात्र हा नांगर एका बैलजोडीस ओढवत नाही, भारी जमिनीत तीन-चार जोड्या लागतात. ज्याच्या दावणीस एवढे बैल नसत, त्यास इर्जिक घालून शेजाऱ्यांचे बैल बोलवावे लागत. आणि भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूस, जेथे उतारावर वीतभर मातीत नाचणी व वरई होते, तेथे असा खोल नांगर घालणे म्हणजे माती ओढ्यात लोटणेच होय. डोंगरातील आमच्या बंधूंनी हलका लाकडी नांगर सोडला नाही, यात त्यांचे अज्ञान नव्हते.

असो. नांगर तयार झाला खरा, पण घेणार कोण? पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! शेतकरी येत, हात लावून पाहत, विषाची शंका काढीत व निघून जात. आमच्या मते त्यांस हसणे योग्य नव्हे. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर अवलंबून, त्याने नवी वस्तू आपल्या शेतात का म्हणून आधी घालावी? पीक बुडाले तर नांगर करणाऱ्याचे काही बुडत नव्हते.

इतक्यात गावाच्या वाढीकरिता बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करविली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दहा हजार रुपये कर्ज व आपल्या संस्थानात जागा दिली. कुंडल रोड स्टेशनाजवळचा तो ३२ एकरांचा माळ निवडुंगाने व नागांनी भरलेला होता. १० मार्च १९१० रोजी तेथे वस्ती झाली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात परदेशी माल मिळेना, तेव्हा लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाच्या ठिकाणी लाकडी कोळसा वापरला आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा घेऊन त्या वितळविल्या. तोफांचे नांगर झाले! यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचणाऱ्यांस येथे काय आठवेल, ते आम्ही सांगावयास नको.

या वाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशिवीस थारा दिला नाही. इतकेच नव्हे, तर तुरुंगातून सुटून आलेल्या, गावाने दाराशी उभे न केलेल्या माणसांस त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमिले. कारखान्याच्या किल्ल्या ज्यांच्यापासून जपाव्या, त्यांच्याच हाती राखण दिली! आमच्या मंडळ्यांतील कित्येकांचे पूर्वज वेशीबाहेर राहिलेले आहेत. अशा विश्वासाचे मोल त्यांच्या नातवंडांस पुस्तकातून शिकावे लागत नाही.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२० नंतर किर्लोस्करवाडीत पाणी उपसण्याचे पंप होऊ लागले, आणि तेल-इंजिनाच्या व पुढे विजेच्या पंपांनी विहिरींवरील मोट हळूहळू बंद पाडली. बैलांचे व शेतकऱ्याचे कष्ट वाचले. परंतु मोटेचे चामडे कमावणारे ढोर बांधव, ती शिवणारे चांभार व नाडा वळणारे मातंग यांचे बलुते त्याच मोटेबरोबर गेले. घोड नदीच्या काठी ज्याची जमीन होती, त्याच्या मळ्यास पाणी मिळाले. ज्याची नव्हती, तो दुसऱ्याच्या मळ्यात रोजाने जाऊ लागला किंवा मुंबईची वाट धरू लागला. हा दोष आम्ही लक्ष्मणरावांवर ठेवीत नाही. पंप करणाऱ्याने जमिनीची वाटणी करावी, असे कोण म्हणेल? पण यंत्राचा हिशेब मांडताना ही घरेही मोजली पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढिले. कुंडल रोड हे स्टेशनाचे नाव मात्र त्याच्या पुष्कळ आधीच जाऊन तेथे किर्लोस्करवाडी अशी पाटी लागली होती.