कप्तान जॉशुआ स्लोकम

शिडाच्या लहान गलबतांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष म्हणून जॉशुआ स्लोकम ह्याचें नांव दर्यावर्दी लोकांत आदरानें घेतलें जातें. त्याचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतीं झाला. पोरवयांतच घर सोडून तो खलाशी झाला व स्वकष्टानें कप्तानपदास चढला. परंतु पुढें आगबोटींचा काळ आला. १८८७ मध्यें त्याचें स्वतःचें जहाज ब्राझिलच्या किनाऱ्यावर फुटलें, आणि हा कसलेला कप्तान निरुद्योगी झाला.

अशा स्थितींत एका स्नेह्यानें त्यास ‘स्प्रे’ नांवाचें एक जुनें गलबत दिलें. तें फेअरहेवन येथें एका शेतांत पडून होतें. तेरा महिने खपून स्लोकमनें तें स्वहस्तें नवें केलें. लांबी अवघी ३६ फूट ९ इंच. महासागराच्या मानानें होडीच म्हणावयाची! २४ एप्रिल १८९५ रोजीं तो बोस्टनहून निघाला. नवल असें कीं, त्यास पोहतां येत नव्हतें.

जिब्राल्टर सोडल्यावर मोरोक्कोच्या किनाऱ्यालगत चांचे त्याच्या पाठीस लागले. वारा वाढत होता. विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरील दाब चौपट होतो. शीड पूर्ण ठेवावें तर डोलकाठी मोडावयाची, आंखडावें तर चांचे गांठावयाचे. स्लोकमनें शत्रु पाठीशीं असतांहि पाव तास खर्चून शिडाचा कांहीं भाग गुंडाळून बांधला. चांच्यांनीं मात्र हांवेनें सर्व शीड तसेंच ठेविलें. इतक्यांत एक प्रचंड लाट आदळली. स्प्रेच्या शिडाचें आडवें लांकूड मोडलें. पण बंदूक घेऊन तो वर येतो तों चांच्यांची डोलकाठीच कोसळलेली!

खरी कसोटी मार्च १८९६ मध्यें लागली. मॅगेलनच्या सामुद्रधुनींतून तो पॅसिफिक महासागरांत शिरतो न शिरतो, तोंच वायव्येकडून तुफान सुटलें. त्याच्याशीं झगडणें गलबताच्या शक्तीबाहेरचें आहे हें ओळखून त्यानें शिडें उतरविलीं, सुकाणूं बांधून टाकिलें, आणि मागें दोन लांब दोर पाण्यांत सोडले. लहान नौका लाटेस आडवी झाली कीं उलटते; त्या दोरांच्या ओढीनें ती सरळ राहिली व मागून येणाऱ्या लाटांचा जोरहि मोडला. असा तो केप हॉर्नच्या दिशेनें दिवसच्या दिवस वाहत गेला. मोठ्या शिडाच्या चिंध्या झाल्या. एका रात्रीं तर तो खडकांच्या जंजाळांत सांपडला. एक टाळावा तों दुसऱ्यावरचा पांढरा फेंस पुढें दिसे. पहांटेपर्यंत तो गलबत फिरवीत राहिला आणि वांचला. मग माघारा सामुद्रधुनींत शिरून त्यानें शिडें शिवलीं, मागल्या अंगास एक लहान शीड जादा बसविलें, व एप्रिलमध्यें पुन्हां बाहेर पडला.

सुमारें ४६,००० मैल प्रवास करून २७ जून १८९८ रोजीं तो न्यूपोर्टला पोंचला.

पुढें त्याचें वय साठीपलीकडे गेलें व गलबतहि जीर्ण झालें. तरी हिवाळ्यांत तो दक्षिणेकडील उबदार बेटांकडे एकटाच जाई. अशाच एका नोव्हेंबरांत तो निघाला तो परतला नाहीं. गलबताची फळीसुद्धां कोणास सांपडली नाहीं. १९२४ मध्यें न्यायालयानें त्यास मृत ठरविलें.