संताजी जगनाडे : स्मरण आणि लेखणी



स्मृतीविषयीच्या एखाद्या ऑनलाइन मानसशास्त्रीय अभ्यासात आपण भाग घेतला असेल, किंवा पुढे कधीतरी घ्याल. मोबाईलच्या पडद्यावर एकेक शब्द उमटतो आणि नाहीसा होतो : उशी, पलंग, रात्र, स्वप्न, जांभई. यादी संपली की आठवतील तेवढे शब्द लिहावयाचे असतात. पुष्कळ सहभागी त्यात ‘झोप’ हा शब्दही लिहितात आणि तो यादीत होता असे खात्रीपूर्वक सांगतात. वस्तुतः तो दाखविलेलाच नसतो. रोडिगर व मॅक्डरमॉट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये अशा याद्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही चाचणी जगभर वापरली जाते. स्मृती जेवढे गमावते, त्यापेक्षा ती पदरचे काय घालते हा प्रश्न अधिक अवघड आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकासमोर हाच प्रश्न तुकोबांच्या गाथेच्या निमित्ताने उभा राहतो, आणि त्याच्या मुळाशी चाकणचा एक तेली आहे.

संताजी जगनाडे यांचा जन्म परंपरेनुसार इ. स. १६२४ मध्ये चाकण येथे झाला. वडील विठोबा, आई मथाबाई. घरचा व्यवसाय तेलघाण्याचा. आज चाकणमध्ये वाहनउद्योगाचे कारखाने आणि कंटेनरच्या रांगा दिसतात. त्या काळी ते संग्रामदुर्गाच्या सावलीतले बाजारगाव होते. व्यापारी घरातील मुलाला हिशेबापुरते लेखन-वाचन आवश्यक असे, आणि तेवढे संताजींना लाभले. ही गोष्ट चरित्रकार सहसा ओलांडून जातात. माझ्या मते या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा तपशील हाच आहे. तेलाचा हिशेब मांडणाऱ्याला ऐकलेले जसेच्या तसे उतरविण्याची शिस्त असते. मापात आपल्या मनचे घालून चालत नाही.

रूढीप्रमाणे त्यांचा विवाह लहान वयात यमुनाबाईंशी झाला. पुढे चाकणला तुकोबांचे कीर्तन झाले आणि संताजी त्यांच्या मागे उभे राहू लागले. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. टाळकऱ्याचे काम केवळ टाळ वाजविण्याचे नव्हे, हे आपण लक्षात घ्यावे. कीर्तनकाराने चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलून धरावे, असे ते दर वेळी घडत असे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या शेवटी. ही बांधणी स्मरणाला हात देणारी आहे. एक शब्द निसटला तरी अक्षरांची मोजणी व यमक त्याची जागा दाखवून देतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःलाच एकमेव सहभागी करून वर्षानुवर्षे पाठांतराचे प्रयोग केले व १८८५ मध्ये त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. निरर्थक अक्षरगट पाठ करण्यास जेवढे श्रम पडत, त्याच्या सुमारे एक दशांश श्रमात तेवढ्याच लांबीची बायरनची कविता त्यांना पाठ होई. अर्थ, लय आणि यमक एकत्र आले की काय होते, हे मावळातल्या टाळकऱ्यांना मोजमापाशिवाय ठाऊक होते.

आता इंद्रायणीच्या प्रसंगाकडे येऊ. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या आज्ञेवरून तुकोबांना आपल्या वह्या देहूच्या डोहात बुडवाव्या लागल्या. शूद्राने वेदार्थ सांगू नये, हा त्यामागचा आक्षेप. तुकोबांनी तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य केले आणि वह्या तरल्या, असे वारकरी परंपरा मानते. काही अभ्यासक याचा अर्थ असा लावतात, की अभंग लोकांच्या मुखी होते व तेथून ते पुन्हा कागदावर आले. या कामी संताजींनी गावोगाव फिरून ऐकलेले उतरवून घेतले, असेही सांगितले जाते. श्रद्धेचे म्हणणे आणि अभ्यासकांचे अनुमान यांतील भेद आपण उत्तरपत्रिकेत स्पष्ट ठेवावा. मात्र दोन्हींत एक गोष्ट समान आहे : कागद बुडविल्याने शब्द बुडाले नाहीत.

येथेच ‘झोप’ या शब्दाची अडचण उभी राहते. लोकस्मृती राखते, तशी भरही घालते. केंब्रिजचे बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले, की अपरिचित कथा पुन्हा सांगताना माणसे नकळत तिला आपल्या परिचयाच्या साच्यात बसवितात. ‘तुका म्हणे’ ही मुद्रिका एवढी ओळखीची, की दुसऱ्या कोणाच्या रचनेलाही ती सहज चिकटावी. म्हणताना शब्द बदलावा, चरण मागेपुढे व्हावा, आणि म्हणणाऱ्याला आपण मूळच म्हणत आहोत असेच वाटावे. तुकोबांचे लेखक म्हणून संताजींबरोबर कडूसचे गंगाराम मवाळ यांचेही नाव घेतले जाते. जवळून ऐकणाऱ्या अशा माणसांच्या लेखणीमुळे पुढील पाठांना ताडून पाहण्याचे एक माप उपलब्ध झाले.

तुकोबांच्या निर्याणानंतरही संताजींनी वह्या सांभाळल्या. मोगली स्वाऱ्यांच्या धामधुमीत त्यांनी त्या वाचविल्याची आठवण परंपरेने जपली आहे. १६६० मध्ये शायिस्ताखानाने चाकणचा किल्ला वेढून घेतला, एवढा तरी इतिहास त्या धामधुमीला आधार देतो. त्यांच्या नावावर तेलघाण्याच्या रूपकाचे अभंगही आहेत. त्यांची समाधी मावळातील सुदुंबरे येथे आहे. अंत्यसमयी त्यांचा चेहरा मातीने झाकेना, तेव्हा तुकोबांनी दिलेल्या शब्दाला जागून येऊन तीन मुठी माती टाकली, अशी आख्यायिका आहे. ती इतिहास नव्हे. पण ज्याने दुसऱ्याचे शब्द जन्मभर सांभाळले, त्याला दिलेला शब्द विसरला गेला नाही, असे लोकांना सांगावेसे वाटले, हे लक्षणीय आहे.

वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांच्या आधारे १९१९-२० मध्ये तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे तेराशे अभंग आहेत. शासकीय गाथेत साडेचार हजारांहून अधिक. उरलेले सारे प्रक्षिप्त, असे मात्र यावरून म्हणता येत नाही, कारण संताजींनी ऐकले नाहीत असेही अभंग असणारच.

पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी एक कृती करावी. लहानपणापासून ऐकलेला तुकोबांचा एखादा अभंग, पुस्तक न उघडता, स्मरणाने लिहून काढावा. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीकडून तोच अभंग स्वतंत्रपणे लिहून किंवा म्हणवून घ्यावा. नंतर दोन्ही पाठ शासकीय गाथेशी ताडून पाहावेत आणि जो शब्द गाथेत नाही, पण आपण दोघांनीही खात्रीने सांगितला, त्याखाली रेघ ओढावी.