पिंपरीच्या मातीतलं औषध

पावसाळा लागला की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या दवाखान्यांत गजकर्णाचे रुग्ण वाढतात. दिवसभर ओले कपडे अंगावर, मग जांघेत, कमरेवर लाल कडं आणि रात्री झोपू न देणारी खाज. ज्वारीची काणी किंवा गव्हाचा तांबेरा ही बुरशी असते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. अंगावरचं हे कडंही बुरशीचंच, हे मात्र पटकन पटत नाही. डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांचं आयुष्य या दोन्ही बुरशींच्या मागे गेलं.

१९१४ साली जन्मलेले तिरुमलाचार कर्नाटकातले. ते वैद्यकाचे पदवीधर नव्हते. त्यांचा विषय वनस्पतींचे रोग, त्यातही तांबेरा आणि काणी. भारतातल्या काणी रोगांच्या बुरशींवर बी. बी. मुंडकूर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९५२ साली प्रसिद्ध झाला. शेतकऱ्याचं नुकसान करणारी बुरशी ओळखणं, तिला नाव देणं, तिचं जीवनचक्र उलगडणं, एवढ्यावरही त्यांचं नाव राहिलं असतं. पण पुढे ते पुण्याजवळच्या पिंपरीत आले.

पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जिवाणूंवरची अशी औषधं हाताशी आली आणि जगभरातल्या डॉक्टरांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. शरीरातले निरुपद्रवी जिवाणूही त्या औषधांनी मरतात आणि त्यांची मोकळी झालेली जागा बुरशी घेते. तोंडात पांढरा थर येतो, स्त्रियांना योनिमार्गात खाज आणि पांढरं जाणं सुरू होतं.

बुरशीवर औषध शोधणं जिवाणूपेक्षा अवघड असतं. जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा फार वेगळी, त्यामुळे त्याला मारणारं औषध आपल्याला सहसा फारसं बाधत नाही. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीच्या बरीच जवळची आहे. तिला विष द्यावं तर ते आपल्यालाही लागण्याची भीती.

कंपनीचं संशोधन तिरुमलाचार यांच्या हाती होतं. उत्तर मातीत शोधायचं ठरलं. चिमूटभर मातीत असंख्य सूक्ष्मजीव एकमेकांशी झगडत असतात आणि त्यातले काही बुरशीला मारणारं रसायन सोडतात. मातीतले जीव वेगळे करून वाढवायचे आणि कोणाच्या भोवती बुरशी उगवत नाही ते पाहायचं, असं हे चिकाटीचं काम. पिंपरीच्याच मातीत त्यांना हवा तो जीव मिळाला. त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एखाद्या गावाचं नाव जिवाणूला मिळण्याचा मान तसा विरळाच! १९६१ साली त्यापासून मिळालेल्या औषधाची माहिती प्रसिद्ध झाली. कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते झालं हॅमायसिन.

बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. हॅमायसिनसारखी औषधं त्याला चिकटतात, आवरण गळकं होतं आणि पेशी मरते. आपल्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. दोघांत साम्य आहे, म्हणून अशी औषधं रक्तात गेली की मूत्रपिंडाला इजा करू शकतात. हॅमायसिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातूनही फार कमी शोषलं जातं. म्हणूनच तोंडातल्या, कानातल्या आणि योनिमार्गातल्या बुरशीवर वरून लावायला ते उपयोगी ठरलं. शरीरात खोल शिरलेल्या बुरशीसाठी ते पोटातून देण्याचे प्रयोग अमेरिकेतही झाले, पण तिथे त्याचा जम बसला नाही. ती जागा व्हेनेझुएलाच्या मातीतून आलेल्या अॅम्फोटेरिसिन बी या त्याच जातकुळीच्या इंजेक्शनने घेतली. २०२१ साली म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक महाराष्ट्रभर ज्यासाठी वणवण फिरले, ते हेच इंजेक्शन.

तिरुमलाचार हॅमायसिनवर थांबले नाहीत. त्वचेवरच्या बुरशीसाठी डर्मोस्टॅटिन आलं आणि पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन. तांबेऱ्यापासून निघालेला माणूस औषध घेऊन पुन्हा शेताच्या बांधावर आला, तो असा. आयुष्याच्या उत्तरार्धात ते कॅलिफोर्नियात गेले, तिथेही त्यांनी संशोधनसंस्था उभी केली. १९९९ साली त्यांचं निधन झालं.

आज गजकर्णासाठी टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल अशी पोटात घ्यायची औषधं आहेत. पहिलीने क्वचित यकृताला इजा होते किंवा तोंडाची चव जाते. दुसरी हृदय कमजोर असलेल्याला देत नाहीत आणि इतर अनेक गोळ्यांशी तिचं जमत नाही. त्यामुळे यकृताचा, हृदयाचा त्रास किंवा चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना आधी सांगाव्या लागतात. मेडिकलवरून विचारून आणलेल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि महिन्याभराने रुग्ण दुप्पट मोठं कडं घेऊन ओपीडीत येतो.