इरादा कोठे रुजतो? : डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद

तळेगाव ढमढेरे येथील एखाद्या तरुणास पुढे काय करणार, असे विचारून पाहा. शिक्रापूर, सणसवाडी किंवा रांजणगावच्या कारखान्यात नोकरी, हेच उत्तर बहुधा येईल. नोकरीतील हलाल कमाई आदरणीयच आहे. परंतु स्वतः कारखाना काढावा, हा विचार त्याच्या मनास का शिवत नसावा? भांडवल नाही, हे आपले ठरलेले उत्तर. ‘सिप्ला’ या औषधनिर्मिती संस्थेच्या संस्थापकांचे जीवन या उत्तराचा फेरविचार करावयास लावते.

डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. असहकाराच्या त्या भारलेल्या काळात ते जामिया मिल्लिया इस्लामियात रसायनशास्त्र शिकवू लागले. १९२० साली स्थापन झालेली ही संस्था सरकारी मदत नाकारून उभी होती. झाकिर हुसेन यांच्यासारख्यांचा सहवास तेथे लाभला. पदवी म्हणजे केवळ सरकारी नोकरीची पायरी नव्हे, हे त्यांना कोणी निराळे शिकवावे लागले नाही.

१९२४ साली ते युरोपास गेले आणि बर्लिनमध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. रसायन उद्योगात जर्मनी तेव्हा अग्रेसर होता. प्रयोगशाळेतील ज्ञान कारखान्यात कसे उतरते, हे तेथे पाहता येत होते. इकडे आपला देश मात्र औषधांसाठी परदेशाकडे डोळे लावून बसला होता. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘सिप्ला’ची स्थापना केली; १९३७ मध्ये उत्पादन सुरू झाले. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी तो कारखाना पाहिला. लवकरच महायुद्ध पेटले, परदेशी औषधे दुर्मीळ झाली आणि देशी कारखान्याचे मोल सर्वांस कळले. २३ जून १९७२ रोजी डॉ. हमीद अल्लाहला प्यारे झाले.

भांडवल त्यांनाही लागलेच. पण ते मागाहून आले. आधी सोबत मिळाली, मग विद्या आणि मग लोकांची गरज दिसली. या तिहींतून इरादा पक्का झाला.

आता आपल्या घराकडे वळू. रांजणगावात यंत्रावर काम करणाऱ्या मुलाच्या हाती कसब आहे. आसपासच्या कारखान्यांना आणि शेतकऱ्यांना काय हवे, हेही तो रोज पाहतो. उणीव आहे ती पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांची. धंद्याचे नाव काढताच वडील बुडण्याची भीती घालतात. निकाहाची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न पगाराचा असतो. ज्या उम्मतीचे प्रेषित (स.) स्वतः प्रामाणिक व्यापारी म्हणून ओळखले गेले, तिने व्यवसाय करणाऱ्या मुलास कमी लेखावे काय?

यापुढे मुलीसाठी स्थळ पाहताना पगाराबरोबर मुलाचे कसब आणि व्यवहारातील सचोटीही विचारा. तो प्रश्न ऐकणारी धाकटी मुले त्यातून पुष्कळ काही शिकतील.